आठ फ्लॉप्या की तीन

फेब्रुवारी लागला की आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी बारावी असते. आजारी माणूस असावा तशी ती असते. येणारे-जाणारे हळू आवाजात चौकशी करतात, शेजारी टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि घरची बाई दर दोन तासांनी काहीतरी गरम घेऊन आत जाते. यंदा बारावी आमच्याकडे आहे. माझी मुलगी सई टेबलाशी बसते, आणि तिचा अभ्यास बिघडू नये म्हणून मी घरात मोजे घालून चालतो. त्याचा तिला उपयोग काही नाही, पण मला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

परवा दुपारी तिनंच मला आत बोलावलं. वाटलं, गणित अडलं. गणित मला तिच्या आठवीपासून येत नाही. पण तिनं फोन पुढं केला.

"बाबा, पेपर संपले की मला एक गेम घ्यायचाय. दोन बघितलेत. दोन्ही चांगलेत. कुठला घेऊ?"

एका चित्रात कड्यावर एकटाच उभा असलेला झगावाला वीर, हातात तलवार, मागं किल्ला. दुसऱ्यात शेकोटीभोवती बसलेले चौघं. एक दांडगा, एक बुटका, एक बाई, एक दाढीवाला. सईनं मला मंदबुद्धी माणसाला समजावावं तसं समजावलं, की ह्याच्यात आपण एकटेच असतो, सगळं आपणच ठरवायचं. आणि ह्याच्यात टोळी असते, सगळ्यांना सांभाळत न्यावं लागतं.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "त्यांना काय विचारतेस? परवा भाजीला पाठवलं तर मेथी घेऊ की पालक म्हणून दोनदा फोन केला."

खरं आहे. पण हा निवाडा मी एकदा केलेला आहे. म्हणजे करायला बसलो होतो.

"तुमच्या काळी असले गेम होते?" सईनं विचारलं.

"आमच्या काळी वीजसुद्धा होती," मी म्हणालो आणि बाहेर येऊन बसलो. त्यानंतरचे दोन दिवस मी मनानं मुकुंदवाडीतच आहे.

माझीही तेव्हा बारावी होती आणि शहराला आम्ही औरंगाबाद म्हणायचो. जानेवारीची थंडी. पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या नाक्यावर येऊन थांबायच्या, आणि स्वेटरवर डबा लटकवलेली माणसं धुक्यातून एकेक करून त्यांत चढायची. चिकलठाण्याच्या बाजूनं वारा आला की बियरच्या कारखान्यातल्या शिजलेल्या सातूचा आंबूस-गोड वास यायचा. आजही तो वास आला की मला तहान लागत नाही, लॉग टेबल आठवतं. गंगापूरकडून कुणी आलं की हुरडा आणायचं. पुस्तकाच्या पानांत हुरड्याची फोलं सापडायची. आमचे आजोबा तिकडं मेंढरं राखायचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं सोडून वाळूजच्या कंपनीत लागले आणि आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्या घेऊन राहिलो. आजोबा म्हणायचे, आमच्या घराण्यात चाकाजवळ काम करणारा हा पहिलाच. आणि कॉम्प्युटरजवळ बसणारा मी पहिला, अशी भर मी स्वतःच घालायचो.

कॉम्प्युटरचा क्लास पिठाच्या गिरणीवर होता. खाली ज्वारी दळली जायची आणि वर आम्ही. चार मशीन. सर दर अर्ध्या तासाला फडक्यानं पडदे पुसायचे, तरी संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पिठाची साय धरायची. तिथं माझ्याबरोबर मिलिंद होता. कॉलेजात आम्ही एका बाकावर, क्लासात एका मशीनवर. त्याचे वडील, गौतमकाका, आणि आमचे आप्पा एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, आणि कंपनीच्या बसमध्येही शेजारी-शेजारी. आम्ही दोघं क्लासला येणाऱ्या नव्या लोकांना कीबोर्डवर अक्षरं शोधायला शिकवायचो. मोठी मोठी माणसं, लेथ मशीनवर केसाएवढा फरक ओळखणारी, आणि त्यांना 'क्यू' सापडायचा नाही. ह्या मदतीबद्दल सरांनी आम्हाला एक बक्षीस कबूल केलं होतं. वाळूजच्या कंपन्यांची सुट्टी शुक्रवारी असायची, कंपनीतून क्लासला येणारी मंडळी त्या दिवशी घरी झोप काढायची, त्यामुळं शुक्रवारी दुपारी मशीन रिकामी. त्या वेळात तीन नंबरच्या मशीनवर आम्ही एक गेम टाकायचा आणि खेळायचा.

"एकच," सर म्हणाले होते. "दोन मावणार नाहीत. संक्रांतीच्या शुक्रवारी ठरवून या. आणि बोर्डाच्या आधी मी तो पुसून टाकणार, मग रडायचं नाही."

गेम दोन होते. मिलिंदचा चुलतभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मिलिंदच्या शब्दावर ते ठेवून दिले. एक आठ फ्लॉप्यांचा, एक तीनचा. नव्या लोकांसाठी सांगतो, फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी प्लॅस्टिकची वडी. वर पत्र्याचं छोटं सरकतं झाकण, आत तपकिरी चकती, आणि त्या चकतीवर सगळं. आज सईच्या फोनमध्ये जेवढं मावतं तेवढ्यासाठी फ्लॉप्या घेतल्या तर आमचं घर भरून गल्लीत थप्पी लावावी लागेल.

आठवाल्या गेममध्ये एकटा वीर होता. रंग होते, ढग होते, डोंगरावरचा किल्ला होता. पुण्याच्या दादानं दिलेल्या झेरॉक्सवर त्याचं चित्र होतं, आणि मला तो थेट दौलताबादचा वाटला. तीनवाल्यात चौघांची टोळी होती आणि नुसती काळोखी बोळं. समोर भिंत, डावीकडं भिंत, उजवीकडं दार. मिलिंद म्हणायचा, हाच खरा दौलताबाद. शाळेच्या सहलीत आम्ही किल्ल्यातल्या अंधारीतून, त्या काळ्याकुट्ट भुयारातून, गेलो होतो. मशालवाला पुढं निघून गेला, आणि आम्ही एकमेकांचे शर्ट धरून चाचपडत वर आलो. किल्ल्याचं बाहेरचं रूप त्याला आठवतच नव्हतं. त्याला ती अंधारी आठवायची.

आम्ही भौतिकशास्त्राच्या वहीत मागच्या पानावर रकाने पाडले. 'फरक स्पष्ट करा' हा चार गुणांचा प्रश्न आम्हाला झोपेतही यायचा. रंग, फ्लॉप्यांची संख्या, मारामारी, जादू. रकाने भरत गेले आणि गुण सारखेच पडत गेले.

"एकट्यात मजा आहे," मी म्हणायचो. "कुणाची वाट बघायला नको."

"आन् मी काय करू?" मिलिंद म्हणायचा. "तू खेळशील, मी तुझ्या बाजूला बसून ढग बघू?"

"आळीपाळीनं खेळू."

"तुझी पाळी लई लांब असती. मला म्हाईत हाय. चौघांच्यात दोघं तरी बसतील."

हा मुद्दा रकान्यात बसत नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही.

फ्लॉप्या माझ्या घरी होत्या. मिलिंदचं घर रस्त्याला लागून, वर पत्रे, ट्रक गेला की धूळ. आमच्याकडं कुलपाचं कपाट. देताना तो म्हणाला, "दादाच्या हायेत. जशाच्या तशा द्यायच्यात, मी शब्द दिलाय." मी कपाटात ठेवल्या, आठ वर आणि तीन खाली. आईनं विचारलं हे काय, तर मी सांगितलं, कॉम्प्युटरची पुस्तकं. गेम म्हटलं असतं तर कपाटाचं कुलूप माझ्यावर लागलं असतं. आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून मी तिला झाकण सरकवून दाखवलं. म्हटलं, आई, सगळी विद्या ह्या पत्र्याच्या मागं असते. ती किती वेळ बघत राहिली! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईसमोर पांडित्य करायची हौस मला तेव्हा फार होती. नंतर पुरेशी जिरली.

त्या दिवसांत शहरात एकच विषय होता. विद्यापीठाचं नामांतर. हा प्रश्न साधारण आमच्याच वयाचा. आम्ही रांगत होतो तेव्हापासून मोर्चे, लाठ्या, जाळपोळ, बंद. मिलिंदच्या घरचे गाव सोडून शहरात आले ते त्याच्यापायीच. रात्रीतून घर जाळलं, आणि आईनं त्याला कडेवर घेऊन सडकेपर्यंत चालत आणलं. हे त्यानं मला एकदा सायकलचं पंक्चर काढून घेताना सांगितलं, एसटीची वेळ सांगावी तसं. मी पंक्चरवाल्याला म्हणालो, हवा जरा कमी भर.

संक्रांतीच्या आठवड्यात पक्कं वाटायला लागलं होतं, की आता होणार. बुधवारी मिलिंद म्हणाला, "झालं ना, तर घरी ये. आई पेढे करणारे. पयला पेढा तुला, तिनं सांगितलंय."

"येतो की," मी म्हणालो. हा शब्द माझाही होता. तो जसाच्या तसा राहिला नाही.

गुरुवारी भोगी. मी कॉलेजातून आलो तर देवघरापुढं पाट मांडलेला. पाटावर माझं पेन, कंपासपेटी, लॉग टेबलचं पुस्तक आणि आठवाल्या गठ्ठ्यातली पहिली फ्लॉपी. सगळ्यांना हळद-कुंकू. कपाटाची किल्ली आईच्या कनवटीला असते हे मी कसं विसरलो कोण जाणे. मी फ्लॉपी उचलली. ती तेवढी बाहेरून कोरी होती. झाकण सरकवलं. आत तपकिरी चकतीवर, बरोबर मधोमध, पिवळं बोट आणि त्यावर लाल बोट.

"आई, हे काय केलं?"

"कामून? पूजा केली. सोमवारपून पेपर हायेत ना?"

"आत कामून लावलं?"

"तूच म्हनला व्हता ना, समदी इद्या पत्र्याच्या मागं आसती. भाईर लावलं तर पुसून जातं. आत कसं, टिकतं."

"सगळ्यांना लावलंय?"

"नाय रं. पयलीलाच. पयलीला पोचलं की समद्यांला पोचतं."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गेम पहिल्या फ्लॉपीपासूनच चालू होतो. मी कापसानं पुसायला गेलो तर ओलं कुंकू चकतीभर पसरलं, आणि मग झाकण सरकवलं की चकती लाजल्यासारखी दिसायची. आई मागं उभी राहून म्हणाली, "पुसू नको रं, अपशकुन व्हतो." तिला काय सांगणार? सांगायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, शुक्रवार, आणि त्याच दिवशी नामांतर झालं. गावातली दुकानं दुपारीच अर्धी मिटली होती. क्लासला कुलूप, चौकात पोलिसांच्या गाड्या. आप्पांना सुट्टी होती. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "चार दिवस तिकडं जाऊ नको. वातावरण बरं नाय."

केसांना तेल लावण्यापासून सायन्स घेण्यापर्यंत एकाही गोष्टीत मी आप्पांचं सरळ ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी मी लगेच म्हणालो, "बरं."

संध्याकाळी गच्चीवर गेलो. मिलिंदच्या वस्तीत घराघरावर निळे झेंडे दिसत होते. हलगी वाजत होती, फटाके उडत होते. आमच्या गल्लीत लोक तिळगूळ देत होते आणि खालच्या आवाजात गोड बोला म्हणत होते. दोन्हीकडं सण होता आणि मधे एक रस्ता होता, पाच मिनिटांचा. मी गच्चीवर उभा राहून मनात वाक्यं जुळवत होतो. फ्लॉपी आधीपासूनच खराब होती, असं एक वाक्य होतं. तुझ्या दादानंच नीट दिली नाही, असं दुसरं. मग मला सुचलं, की सध्या काहीच सांगायची गरज नाही. चार दिवस तिकडं जायचं नाहीये. वातावरण बरं नाय. किती सोयीचं वाक्य, आणि तेही वडिलांचं. ते मी पांघरुणासारखं ओढून घेतलं.

शनिवारी आप्पा कामावरून आले. बसमध्ये नेहमीसारखे गौतमकाकांच्या शेजारीच बसले होते. हातपाय धुता धुता, भिंतीकडं बघत म्हणाले, "गौतमराव इचारत व्हते. पोराला बरं नाय का म्हनून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? म्हनलं, अभ्यास चालू हाय."

त्यानंतर ते बराच वेळ पाय धूत राहिले.

सोमवारी प्रिलिम सुरू झाली. क्रमांकानं बसवलं होतं, त्यामुळं मिलिंद दोन रांगा पलीकडं. नेहमी पेपर हातात आला की तो माझ्याकडं बघून भुवई उडवायचा. एक भुवई म्हणजे सोपा, दोन म्हणजे मेलो. त्या दिवशी त्यानं मान वर केलीच नाही. सुटल्यावर मी सायकल काढेपर्यंत तो गेला होता. मंगळवारीही तसंच. मला कळत होतं की तो काय समजला असेल. चार दिवसांपूर्वी त्याच्या घराण्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता, बोलावणं होतं, आणि मी रस्ता ओलांडला नव्हता. हे असं त्यानं मोजलं असेल. आणि मी मात्र त्याला फ्लॉपीबद्दल काय सांगावं ह्याची चिंता करत होतो. आज लिहिताना हे इतकं हास्यास्पद दिसतं की हसू येत नाही.

बुधवारी रसायनशास्त्राचा पेपर देऊन आलो. जेवलो नाही. फ्लॉप्यांचा गठ्ठा रुमालात बांधला आणि चप्पल घातली. आप्पांची तेव्हा दुसरी पाळी होती, ते निघायच्या तयारीत होते. त्यांनी रुमालाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता अडवतील.

"स्वेटर घाल," ते म्हणाले. "वारं हाय."

मिलिंदच्या आईनं दार उघडलं. मला बघून बाजूला झाली आणि आत जाऊन एक वाटी घेऊन आली. वाटीवर वाटी पालथी घातलेली. "तुझा ठिवलाय शुक्रवारपून. कडक झाला आसंल बग." पेढा खरंच कडक झाला होता. तो तोंडात असल्यामुळं मला काही बोलता येत नव्हतं, आणि मिलिंद कोपऱ्यात पुस्तक धरून, ज्या पानावर होता त्याच पानावर बसून होता. मी रुमाल सोडला. पहिली फ्लॉपी त्याच्या पुढं धरून झाकण सरकवलं.

तो बघत राहिला. "हे काय?"

"कुंकू."

"कुणी लावलं?"

"आईनं."

"कामून?"

"मी पास व्हावं म्हणून."

मग त्याचे खांदे हलायला लागले. तो इतका हसला की त्याची आई आतून पळत आली. तिला सगळं समजावून सांगितल्यावर ती हसली नाही. म्हणाली, "बराबर हाय तिचं. माय हाय ती." त्यावर तो आणखी हसला. डोळे पुसत म्हणाला, "दादाला मी सांगतो. त्याला म्हणतो, फ्लॉपी सवाष्ण झाली." मग झाकण दोनदा सरकवून बघितलं.

"म्हणून आला नव्हतास? ह्याच्यामुळं?"

"व्हय," मी म्हणालो. पटकन म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं..." तो म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडून फ्लॉप्या रुमालात बांधायला लागला.

त्या 'व्हय'बद्दल मी पुष्कळ विचार केलेला आहे. ते खोटं नव्हतं. कुंकू खरं होतं, भीती खरी होती. पण आप्पांनी जाऊ नको म्हटल्यावर मला जो सुटल्याचा आनंद झाला, तोही खरा होता, आणि तो मी सांगितला नाही. नुसतं कुंकवाचं कारण असतं तर मी गच्चीवर उभा राहिलो नसतो, असं मला आता वाटतं. मिलिंद आज शेंद्र्याच्या एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे, आमच्या घरी येतो, सईला गणित तोच शिकवतो. इतक्या वर्षांत त्यानं ते वाक्य पूर्ण केलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही.

गेम निवडायचा प्रश्न आता उरलाच नव्हता. दोन दिवसांनी, शुक्रवारी, क्लास उघडला, सरांनी तीन नंबरचं मशीन दिलं, आणि आम्ही तीनवाला गेम टाकला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, खाली गिरणीची घरघर. चार माणसांची नावं द्यायची होती. मिलिंदनं आधी स्वतःचं टाकलं, मग माझं. उरलेल्या दोघांवर आमचं एकमत होईना, म्हणून त्यांना गेमनंच दिलेली नावं राहू दिली. मग गेमनं विचारलं, पुढच्या रांगेत कोण? बोळ अरुंद असतं, दोघं पुढं चालतात आणि दोघं मागं. मार पुढच्यांनी खायचा. मागच्यांनी जादू करायची आणि जिवंत राहायचं.

"मी मागं बरा," मी म्हणालो. "माझी जादू चांगली आहे."

मिलिंदनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. "तू पुढं चल," तो म्हणाला. "माझ्या बाजूला. मागं राहायची लई सवय लागलीय तुला."

पडद्याकडं बघतच म्हणाला. त्यानं माझं नाव पुढच्या रांगेत नेऊन ठेवलं, स्वतःच्या नावाशेजारी, आणि आम्ही दार उघडून आत गेलो. पहिल्याच खोलीत एक मोठा उंदीर होता. त्यानं मला दोन चाव्यांत मारलं. माझ्या नावापुढं शून्य आलं.

मेलेला गडी त्या गेममध्ये आपोआप जात नसे. त्याला वाटेत टाकून पुढं जाता यायचं, नाहीतर उचलून पार मागं गावात न्यावं लागायचं, तिथला वैद्य त्याला उठवायचा. नेताना बाकीच्यांची चाल निम्मी व्हायची आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी अंगावर यायचं. गेमनं विचारलं, टाकायचा की न्यायचा?

"टाक," मी म्हणालो. "दुसरा घेऊ. नाहीतर दुपार ह्याच्यातच जाईल."

"गप रे, मेलेल्यानं बोलायचं नसतं," मिलिंद म्हणाला, आणि मला उचलून, एकेक पाऊल मोजत, आल्या बोळातून मागं फिरला.